उस्मानचाचांचा डावा खांदा

उस्मानचाचांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं की माझी मान आखूड आहे. ओळख ना पाळख. मी नेमबाजीच्या क्लबमधल्या फर्स्ट-एडच्या खोलीत पट्ट्यांचे डबे लावत होते. मेंदीनं लाल केलेली दाढी, कानात अत्तराचा बोळा, कमरेला कातडी ॲप्रन, असा एक म्हातारा दारात येऊन उभा राहिला. त्यानं माझ्याकडे गळ्यापासून खांद्यापर्यंत, एवढंच, नीट पाहिलं आणि म्हणाला, "सिस्टर मराठी ना? मान आखूड हाय तुमची. लांब दस्ता चालायचा नाय तुमाला." दस्ता म्हणजे बंदुकीचं खांद्याला टेकवायचं लाकूड, हे मला नंतर कळलं.

मी मिरजेची. आमच्याकडे असं बोलणाऱ्याला ऐकवल्याशिवाय सोडत नाहीत. मीही म्हटलं की मी बंदूक घ्यायला आलेली नाही, तुम्ही लोकांनी धडपडून घेतलंत तर पट्ट्या बांधायला आलेय. यावर माणूस रागावेल की नाही? चाचा मनापासून खूश झाले. दहा मिनिटांनी स्वतःच्या हातानं केलेला काळा चहा घेऊन परत आले आणि माझ्या स्टुलावर बसून, सौदीतल्या या जुबैलपासून हफ्र अल बातिनपर्यंत त्यांच्यासारखा बंदुकीचा कारागीर दुसरा कसा नाही, हे मला समजावून सांगायला लागले. विनय हा प्रकार त्यांच्याकडे नव्हताच. पण गंमत अशी की ते फुशारकी मारायचे ती बहुतेक वेळा खरी असायची, त्यामुळे राग धरता यायचा नाही.

आमचा क्लब जुबैलच्या बाहेर, कारखान्यांच्या चिमण्या संपून वाळू सुरू होते तिथे. माझा नवरा प्लांटमध्ये शिफ्टला, मुलगा शाळेत, आणि मी दिवसभर गोळ्यांच्या आवाजात. मला आधी वाटलं होतं हे जमायचं नाही. मग सवय झाली. क्लबात जो खेळ चालतो त्यात एकाच माणसाला एकामागून एक तीन हत्यारं चालवायची असतात. निशाणाच्या लांबच्या पाट्यांवर रायफल, मधल्यांवर पिस्तूल, आणि जवळच्या लोखंडी तबकड्या पाडायला शॉटगन. हे सगळं पळत पळत, घड्याळ लावून. मला तो सुरुवातीला श्रीमंतांचा पोरखेळ वाटायचा. चाचा म्हणायचे, खेळ त्यांचा असेल, पण डोकेदुखी माझी. तीन सुना एका घरात नांदवायच्या म्हणजे काय ते मला विचारा. तिघींचा स्वभाव वेगळा असला तरी चालेल, पण बोटाला तिघींचा चाप ओळखीचा वाटला पाहिजे, पिस्तूल सोडून दोघींचा दस्ता गालाला सारखा लागला पाहिजे. नाहीतर पळणारा माणूस गोंधळतो आणि खापर माझ्या माथ्यावर फुटतं.

चाचा परकार आडनावाचे, हर्णैच्या बाजूचे. त्यांचे वडील होड्या दुरुस्त करायचे आणि मामा गावातल्या ठासणीच्या बंदुका. शेतात रानडुकरं येतात म्हणून परवान्यावर ठेवलेल्या त्या जुन्या बंदुका. लाकूड एकाकडून आणि लोखंड दुसऱ्याकडून शिकलो, असं ते सांगत. तरुणपणी हफ्रला शिकारी लोकांच्या बंदुका दुरुस्त करणाऱ्या एका दुकानात लागले, तिथून इथे. याच्यापलीकडे स्वतःबद्दल फार बोलायचे नाहीत. मासळीबद्दल मात्र तासभर. कामगारांच्या कॅम्पातल्या केरळी आचाऱ्याशी त्यांचं हामूरवरून कायमचं वाकडं होतं. त्या माशाला चव नसते आणि आचाऱ्याला अक्कल, असं त्यांचं म्हणणं. आचारी हिंदीत उत्तर द्यायचा की मग उद्यापासून होडी घेऊन स्वतः जा.

त्यांच्या वर्कशॉपमध्ये जेद्दाच्या बलद पेठेतल्या कुठल्या तरी बंद पडलेल्या न्हाव्याच्या दुकानातली फिरती खुर्ची होती आणि भिंतीला त्याच दुकानातला भला थोरला आरसा. जेद्दापासून ते धूड कसं आणलं देव जाणे. नवीन मेंबर आला की त्याला आधी त्या खुर्चीत बसवायचं आणि चहा द्यायचा. चहा संपेपर्यंत बंदुकीला हात लावायचा नाही. तेवढ्या वेळात चाचा त्याच्याशी हवापाण्याच्या गप्पा मारत आणि नुसतं बघत. कप कुठल्या हातानं उचलतो, मान किती वाकते, खांदा कुठे पडतो, आरशात बघताना कुठला डोळा पुढे करतो. मग रिकामी बंदूक हातात द्यायची. ती रिकामी आहे हे आधी चाचा बघणार, मग तो माणूस बघणार, मग खोलीत जो असेल त्याला बघायला लावणार, मलासुद्धा. मग त्याला डोळे मिटून, आरशाकडे तोंड करून बंदूक खांद्याला लावायला सांगायचं आणि म्हणायचं, आता डोळे उघड. तेव्हा डोळा नळीच्या रेषेत असेल तर बंदूक त्याची. नसेल तर चाचांची कानस आणि तासणी बाहेर निघायची.

एकदा खोबर शहरातला एक तरुण व्यापारी आला. त्याच्या रायफलीवर बाजारात मिळतं ते सगळं लावलेलं. दोन दुर्बिणी, टॉर्च, पुढे मूठ, खाली पाय, वर आणखी काहीतरी लाल दिव्याचं. चाचा मला मराठीत म्हणाले, "बंदूक हाय का रिक्षा?" तोंडावर मात्र काही नाही. त्याला रायफल पुढे धरून उभं राहायला सांगितलं आणि स्वतः चहा ओतून घेतला. सावकाश प्यायले. अर्धा कप झाला असेल नसेल, पोराचे हात थरथरायला लागले. चाचांनी एक नग काढला आणि फळांच्या पिशवीत टाकला. मग एक घोट. मग आणखी एक नग. कप संपला तेव्हा रायफलीवर एक दुर्बीण उरली होती आणि पिशवी भरली होती. पिशवी त्याच्या हातात देत चाचांनी त्याला अरबीत सांगितलं की हे दिवाणखान्यात सजवायला छान दिसेल. तो पुढे बरा खेळायला लागला आणि दर ईदला चाचांना खजुराचा डबा पाठवत राहिला.

नूराची गोष्ट वेगळी. नूरा शाळेत शिकवणारी सौदी मुलगी, तिशीच्या आतली. रायफल आणि पिस्तूल उत्तम, पण शॉटगन म्हटलं की घाबरायची. खांदा काळानिळा करून माझ्याकडे बर्फ लावायला यायची. प्रशिक्षक म्हणायचे, बाईमाणूस आहे, म्हणून तिला हलकी बंदूक दिलीय. चाचांनी हे ऐकलं आणि त्यांचा पारा चढला. हलकी बंदूक जास्त लाथ मारते, हे गाढवालाही कळतं, असं ते प्रशिक्षकांना ऐकू जाईल अशा बेतानं बोलले. तिला त्यांनी चांगली जडशी बंदूक निवडून दिली, दस्ता आखूड केला, टोकाला मऊ रबर बसवलं, गालाखालचं लाकूड तासलं. हे सगळं तिला बोटही न लावता. हातातल्या पेन्सिलीनं लांबूनच दाखवायचे: हनुवटी खाली, कोपर वर. महिनाभरात तिचा माझ्याकडचा बर्फ बंद झाला. चाचांनी त्याचं सगळं श्रेय जाहीरपणे स्वतःकडे घेतलं.

तेव्हापासून नूरा वर्कशॉपमध्ये बसायला लागली. बघता बघता तिलाही माणसं बघायची नजर आली. दारातून कुणी येताना दिसला की दोघं आपसात पैज लावायचे, याला दस्ता लांब लागेल की आखूड. कधी कधी ती जिंकायची आणि चाचा तेवढ्यापुरते बहिरे व्हायचे.

एक गोष्ट मात्र त्यांनी कुणालाच करू दिली नाही. क्लबातली प्रत्येक बंदूक मैदानावर जायच्या आधी चाचांच्या डोळ्याखालून जायची. ट्यूबलाइटच्या उजेडात नळी धरायची, आतून बघायचं, बाहेरून बघायचं, नखानं टिचकी मारून कान द्यायचा, आणि ठीक असेल तर दस्त्यावर खडूची एक रेघ. रेघ नसेल तर बंदूक रांगेत उभी राहायची नाही. कारण ती फुटली तर चालवणाऱ्याच्या गालापाशी फुटते. एकदा बाहेरून आलेला एक तंत्रज्ञ सहज म्हणाला, की मी पण एकदा नजर टाकू का. चाचांनी त्याच्याशी तो परत जाईपर्यंत बोलणं टाकलं. "माझ्या हातचं कुनी तपासायचं नाय," हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलंय की झोपेतही म्हणून दाखवेन.

मागच्या हिवाळ्यात क्लबचे मॅनेजर अबू फहद यांनी जाहीर केलं की वार्षिक सामन्याच्या आधी, गुरुवारी, नोकरमाणसांचाही एक सामना ठेवू. ड्रायव्हर, माळी, स्टोअरवाले, कुणीही. एरवी मैदान फक्त मेंबरांचं. चाचांनी इतकी वर्षं इथे काढली, पण चाचणीच्या चार गोळ्या सोडल्या तर कधी तिथे उभे राहिले नव्हते. त्या दिवशी ते माझ्या खोलीत आले, शुगर तपासायला बोट पुढे केलं आणि म्हणाले, "सिस्टर, सगळी जिंदगी दुसऱ्याच्या खांद्याला बंदूक लावली. एक दिवस माझ्या खांद्याला लावनार." डोळ्यांत पाणी होतं. मी बघितलं न बघितल्यासारखं केलं. वर्षभरात ते कायमचे घरी जाणार होते. दुसरी संधी नव्हती, आणि ते त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं.

मग वर्कशॉपचं दार बंद झालं. कुणालाही आत घेईनात. अक्रोडाचं एक लाकूड त्यांनी कधीपासून जपून ठेवलं होतं, त्याचा शॉटगनसाठी दस्ता घडवला. तिन्ही चाप असे जुळवले की नूरा नंतर म्हणाली, डोळे मिटून सांगता येणार नाही कुठला कुणाचा. रूपानं त्या तीन बंदुकांसारख्या बंदुका क्लबात नव्हत्या. मलाही त्या सुंदर वाटल्या, आणि मला बंदुकीतलं शष्प कळत नाही.

आणि सरावाला चाचा चुकायला लागले. पिस्तूल जेमतेम, रायफल वाईट, शॉटगनचं तर विचारू नका. सगळे छर्रे तबकडीच्या डावीकडून निघून जायचे. सुरुवातीला ड्रायव्हर लोक हसले. चाचांनी काडतुसांना दोष दिला, वाऱ्याला दिला, तबकड्या वाकड्या लावल्या म्हणून मैदानावरच्या बांगलादेशी पोरांना झापलं. रोज दस्ता काढून थोडा तासायचे, नळीच्या टोकावरची नेम धरायची माशी बदलायचे, दुसऱ्या दिवशी परत डावीकडे. हळूहळू हसणारे गप्प झाले. म्हाताऱ्याचा हात गेला, असं आचारी मला कुजबुजून म्हणाला आणि त्या दिवशी त्यानं चाचांना न मागता तळलेला मासा पाठवला.

माझ्या मनात वेगळीच पाल चुकचुकत होती. शुगरच्या मशीनवरचा आकडा चाचा आता मला वाचायला सांगायचे. चहा ओतताना धार कपाच्या कडेवर पडायची. मी दोनदा, तीनदा सांगितलं की डोळे दाखवून या, शुगर डोळ्याच्या पडद्याला खाते. ते म्हणायचे, सामना होऊ दे. मी चिडून म्हटलं की डोळा काय तुमच्या सामन्यासाठी थांबणार आहे का. तर म्हणे चष्म्याची काच घाण झालीय. मी तिथल्या तिथे ती काच पुसून दिली. त्यांनी चष्मा घातला आणि विषय बदलला.

शेवटी दार उघडायला लावलं ते नूरानं. सामन्याच्या आदल्या दिवशी शाळा सुटल्यावर ती आली आणि सरळ आत गेली. मी मागोमाग. तिनं चाचांना न्हाव्याच्या खुर्चीत बसवलं. चहा दिला. चाचा कुरकुरत बसले. ती बोलली शाळेबद्दल, आईच्या गुडघ्यांबद्दल, आणि बघत राहिली. मग शॉटगन रिकामी आहे हे तिनं बघितलं, चाचांना दाखवलं, मला बघायला लावलं. आरशासमोर उभं करून म्हणाली, डोळे मिटा. लावा खांद्याला. आता उघडा.

ती बराच वेळ आरशात बघत होती. मग अगदी हळू बोलली. चाचांना ती अम्म म्हणायची, अरबीत काका. "अम्म उस्मान, बंदूक फार सुंदर झालीय. पण ही तुमच्या तरुणपणाच्या मापाची आहे. तुमची मान आता एवढी वाकत नाही. आणि तुमचा उजवा डोळा बघत नाहीये. डावा बघतोय."

तेच झालं होतं. दुसऱ्याचं माप घ्यायला त्यांनी नेहमी समोरचा माणूस बघितला. स्वतःचं मात्र आठवणीतून घेतलं. आरशासमोर उभं राहायची त्यांना गरजच वाटली नव्हती. आणि बंदूक उजव्या खांद्याला, नजर डाव्या डोळ्याची, मग छर्रे डावीकडे जातील नाहीतर काय होईल?

चाचा खुर्चीत बसले. माझ्याकडे बघून मराठीत म्हणाले, "हिला कुनी शिकवलं ह्ये सगळं?" आणि मग स्वतःच, "मीच."

मी काही बोलायच्या आत नूरानं दोन वाटा सांगितल्या. डाव्या काचेला आतून बारीकशी चिकटपट्टी लावली तर उजव्या डोळ्याला दिसेल तेवढ्यावर ढकलता येईल, कुणाला कळणार नाही. किंवा कंबर धरलीय असं सांगून नाव काढून घ्यायचं. मला दुसरी वाट बरी वाटली. कारण चाचा उद्या डाव्या खांद्यावर बंदूक लावून उभे राहिले तर त्याचा अर्थ काय, हे तिथल्या झाडूवाल्यालाही कळलं असतं. प्रत्येकाला चाचांनीच शिकवलं होतं, की उजव्या हाताचा माणूस डाव्या खांद्याकडे जातो तो एकाच कारणानं. आणि ज्याचा डोळा गेला तो नळी कसा तपासणार? वर्षभरानं जायचं ते महिन्यात जावं लागलं असतं, तेही डोळा लपवून काम केलं असा शिक्का घेऊन.

चाचांनी उरलेला चहा संपवला. मग नूराला म्हणाले, दस्ता काढ, डाव्या खांद्याचं माप घे.

त्यानंतर जे झालं ते आठवलं की मला अजून हसू येतं. नूरा कानस चालवत होती आणि चाचा गिऱ्हाईक झाले होते. असं गिऱ्हाईक मी पाहिलं नाही. इथे टोचतं, तिथे पोकळ लागतं, तू लाकूड तासतेस की काकडी सोलतेस. तिनं शेवटी त्यांचीच पेन्सिल उचलली आणि लांबूनच दाखवून म्हणाली, हनुवटी खाली. त्यांनी हनुवटी खाली केली. ते अक्रोडाचं लाकूड तिच्या हाताखाली ओबडधोबड झालं, दिसायला वाईट झालं. चाचांनी त्यावरून तळवा फिरवला आणि चालेल म्हणाले.

गुरुवारी असरच्या, म्हणजे दुपार कलतानाच्या, नमाजानंतर सामना सुरू झाला. मी माझ्या पेटीसकट कडेला उभी होते. चाचांचं नाव पुकारलं तेव्हा सगळा कॅम्प बघायला आला होता, आचाऱ्यासकट. चाचांनी रायफल उचलली आणि डाव्या खांद्याला लावली. अबू फहद खुर्चीतून उठून पुढे आले. चाचा सावकाश चालत होते, पळणं त्यांच्यानं होणार नव्हतं. रायफलीच्या दोन पाट्या राहिल्या. पिस्तुलाची एक राहिली. मग शॉटगन आली, तिचा विद्रूप दस्ता गालाला लागला, आणि तबकड्या पडायला लागल्या. एक पडली, की चाचा पुढची बघून घ्यायचे, मग पाडायचे. एकही उभी राहिली नाही. वेळेच्या हिशेबात ते शेवटून दुसरे आले असतील, कुणी बघितलं? आचारी शिट्ट्या मारत होता. मी रडत होते, ते सांगायला मला लाज नाही.

चाचांनी बंदूक उघडून रिकामी असल्याचं पंचांना दाखवलं, टेबलावर ठेवली आणि थेट अबू फहदांपुढे गेले. मी जवळ होते म्हणून ऐकलं. अबू फहदांनी एवढंच विचारलं, कधीपासून. चाचा म्हणाले, "उन्हाळ्यापासून. मला वाटलं बोटांनी भागेल." मग म्हणाले, "तेव्हापासून माझ्या हाताखालून गेलेली प्रत्येक बंदूक पुन्हा तपासून घ्या. शनिवारच्या आत. दुसऱ्या कुणाच्या तरी डोळ्यांनी." शनिवारी मेंबरांचा मोठा सामना होता. अबू फहदांनी मान हलवली. मोबाइल काढून ते बाजूला गेले.

शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजानंतर दम्मामहून एक जॉर्डनी कारागीर आला. चाचांनी त्याला स्वतः चहा करून दिला आणि स्वतः न्हाव्याच्या खुर्चीत, भिंतीकडे तोंड करून बसले. नूरा होती, मी होते. तो माणूस शांत होता. एकेक नळी ट्यूबलाइटखाली धरायचा, तेल लावायचा, पुसायचा, वर पांढरी पूड फुंकायचा, कुठे भेगेत मुरलेलं तेल पुडीवर उमटतं का ते बघायचा, ठेवायचा. बंदुकांची रांग सरकत होती. ठीक, ठीक, ठीक. माझा जीव हलका व्हायला लागला होता. चाचांची पाठही जरा सैल झालेली मला दिसली.

मग एक शॉटगन त्यानं खाली ठेवलीच नाही. पुन्हा पुसली, पुन्हा पूड टाकली, उजेडाकडे वळवली. नळीच्या मागच्या टोकाला, काडतूस बसतं त्या जागेवर, केसाएवढी काळी रेघ उमटली होती. नळीला भेग होती. दस्त्यावर चाचांच्या हातची खडूची खूण होती, आणि दस्ता आखूड होता, टोकाला मऊ रबर लावलेला.

चाचा उठले. त्यांनी नळी हातात घेतली आणि त्या जागेवरून नख फिरवलं. मग दुसरं बोट फिरवलं. बोटांना काहीच लागलं नाही. त्यांनी नळी टेबलावर ठेवली. नूरा पलीकडे उभी होती, तिचा हात आपोआप स्वतःच्या गालावर गेला होता. चाचा तिच्या तोंडाकडे बघत राहिले. पेन्सिल नाही, माप नाही, नुसते बघत राहिले. "अल्हम्दुलिल्लाह," म्हणाले. मग जॉर्डनी कारागिराचा हात दोन्ही हातांत धरून त्याला म्हणाले की उद्या सकाळी सामन्याआधी पण या, पिस्तुलं राहिलीत.

ॲप्रन काढून त्यांनी खुर्चीच्या पाठीवर टाकला आणि बाहेर पडले. कॅम्पात जाणारी कंपनीची बस उभी होती. मी दारातून बघत होते. बसच्या पायरीपाशी ते थांबले, पाय पुढे केला, मागे घेतला, पुन्हा चाचपला. आजवर कुणी धरायला गेलं की हात झटकून टाकायचे. आज त्यांनी मान वर करून ड्रायव्हरला म्हटलं, "हात दे रे, पायरी दिसत नाय मला."